कर्करोगाची नवी औषधे आणि बुलढाण्याचा रुग्ण

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही तेथे रेल्वे नाही. कुणाला कर्करोगाचे निदान झाले म्हणजे राजूरचा घाट उतरून मलकापूर गाठायचे, रात्रीच्या गाडीने मुंबईस जायचे आणि परळच्या टाटा रुग्णालयात रांग धरायची, हा क्रम येथील अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा ही कित्येकांचा महिनोन्‌महिन्यांचा आसरा झालेली आहे. कपाशी-सोयाबीनवर जगणाऱ्या घरात औषधाचा खर्च सुरू होण्यापूर्वीच प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांनी कर्जाचा पाया घातला जातो.

याच काळात कर्करोगाच्या विज्ञानाने मोठी मजल मारली आहे. १९६० साली फिलाडेल्फियातील नोवेल आणि हंगरफोर्ड या संशोधकांना एका प्रकारच्या रक्तकर्करोगात एक आखूड गुणसूत्र आढळले. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलल्याने हे घडते, असे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखविले. या अदलाबदलीतून निर्माण होणारे सदोष प्रथिन पेशीला अखंड वाढीचा हुकूम देत राहते. तोच हुकूम थांबविणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली. निरोगी पेशींना सरसकट भाजून काढणाऱ्या जुन्या रसायनांहून ही लक्ष्यवेधी औषधे निराळी आहेत. पूर्वी काही वर्षांत मृत्यू घडविणारा हा आजार आज बहुसंख्य रुग्णांत रोज एक गोळी घेऊन आटोक्यात राहतो.

पण त्या गोळीची किंमत काय होती? स्वित्झर्लंडच्या नोव्हार्टिस कंपनीचे ग्लिव्हेक महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे. भारतीय कंपन्या तेच औषध ८ ते १० हजारांत देत होत्या. पेटंट कायद्यातील कलम ३(ड) च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. ज्ञात पदार्थाचे केवळ नवे रूप पुढे करून, गुण वाढल्याचे सिद्ध न करता, मक्तेदारी मागता येणार नाही, हा त्या निकालाचा आशय. त्याआधी मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधासाठी सरकारने सक्तीचा परवाना दिला. त्यामुळे बायर कंपनीची महिन्याची सुमारे २ लाख ८० हजारांची किंमत नॅटको या भारतीय कंपनीच्या औषधात ८,८८० रुपयांवर आली. एका सहीने किंमत इतकी उतरत असेल, तर ती किंमत निसर्गनियमाने ठरलेली नव्हती, हे उघड आहे.

नफ्याखेरीज संशोधन होणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. औषध प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत आणण्यास मोठा पैसा लागतो. नोव्हार्टिस अनेक भारतीय रुग्णांना ग्लिव्हेक विनामूल्य देत होती, हेही नोंदविले पाहिजे. तथापि ज्या ज्ञानावर ही गोळी उभी आहे, ते विद्यापीठांतील दीर्घ संशोधनातून आलेले आहे. आणि दान कितीही मोठे असले तरी ते देणाऱ्याच्या मर्जीवर चालते; त्याच्या आधारावर जन्मभराचा उपचार आखता येत नाही.

संशोधनाने कोणता प्रश्न विचारावा, हेही पैसा कोणाचा यावर ठरते. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महाग औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देऊन पाहिले. जोडीला तोंडाने घ्यायची तीन औषधे होती. त्यांतील एर्लोटिनिब हे लक्ष्यवेधी औषध. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण केवळ गोळ्या घेणाऱ्यांत १६.३ टक्के होते, तर निव्होलुमॅबची जोड मिळालेल्यांत ४३.४ टक्के. किती कमी औषधात काम भागेल, हा प्रश्न विकणारा सहसा विचारीत नाही. सार्वजनिक संस्थेने तो विचारला. तंबाखू-गुटख्याने पोखरलेल्या आपल्या भागाला या उत्तराचे मोल सांगायला नको.

आता बुलढाण्याचे पाहू. यांतील बरीच औषधे गोळ्यांच्या रूपात आहेत. ती घरी घेता येतात. रुग्णाला वारंवार मुंबईस जावे लागते ते तपासणीसाठी, देखरेखीसाठी आणि औषधाच्या पुरवठ्यासाठी. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे दिवसभराचे उपचार केंद्र उभारण्याची घोषणा झाली. आपल्या जिल्ह्यातील केंद्र केवळ सलाइन लावण्याची खोली होऊन राहता कामा नये. रोगाचा नेमका प्रकार ठरविणाऱ्या जनुकीय तपासणीचे नमुने तेथेच घेऊन मोठ्या प्रयोगशाळेत विनामूल्य पाठविले जावेत. पेटंटमुक्त लक्ष्यवेधी औषधांचा साठा तेथे बारमाही असावा. ठराविक दिवशी तज्ज्ञाने यावे.

ही मागणी ग्रामसभेच्या ठरावांतून जिल्हा परिषदेपर्यंत आणि तेथून विधानसभेपर्यंत गेली पाहिजे. किंमत उतरविण्याचे काम कायद्याने व न्यायालयाने काही अंशी केले आहे. लोणार-मेहकरच्या रुग्णाला स्वस्त झालेली तीच गोळी आपल्या जिल्ह्यात, वेळेवर मिळते की नाही, हे पाहण्याचे काम आपले आहे.