सातबारा : शब्द आपला, कागद?

सातवीच्या वर्गात द्वंद्व समास शिकवताना फळ्यावर 'सातबारा' लिहिला आणि विग्रह विचारला. एक पोर उठून म्हणाले, "सर, एकोणीस!" वर्ग हसला, पण सात कशाचे आणि बारा कशाचे, हे हसणाऱ्यांनाही सांगता येईना.

गावचा नमुना सात म्हणजे जमिनीवरील हक्काची नोंद; नमुना बारा म्हणजे पिकांची. जमीन कोणाची आणि तीत पिकले काय, ही दोन्ही उत्तरे एका कागदावर आली आणि जोडशब्द रूढ झाला. पुढे तो दप्तराबाहेरही पडला. कर्ज फिटले की 'सातबारा कोरा' होतो. उगाच हक्क सांगणाऱ्याला 'तुझ्या नावावर सातबारा आहे काय?' असे आपण चावडीवरच विचारतो.

हे नमुने जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली पद्धतीतले. म्हणून गुजरातेतही ते सात-बाराच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला आणि आपले दप्तर बदलले. आज हाती पडते ती कन्नडमधली पहाणी, नमुना १६. तिलाही आपण सातबाराच म्हणतो. म्हणावेच! पण शब्द मराठी म्हणून कागद मराठी होत नाही.

मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही मागणी आपण सोडलेली नाही. ती पुरी होईतो व्यवहाराच्या कागदावर सही-अंगठा करण्याआधी पहाणीच्या नवव्या रकान्यातले नाव आणि अकराव्यातला बोजा वाचून घ्या. घरात कन्नड शिकणारे नातवंड असेल, तर त्यालाच बसवा.