एसडीबी म्हणजे नक्की कोण?

लिनक्सवर बूटेबल पेन ड्राइव्ह कसा करायचा हे सांगणारं कुठलंही टिपण उघडा. शेवटी एक डीडी कमांड असते आणि तिच्यात ठोकून लिहिलेलं असतं, एसडीबी! मंडळी, माझं स्पष्ट मत आहे की हे असं लिहिणं बंद व्हायला हवं.

का? तर एसडीए, एसडीबी ही त्या डिस्कची नावं नाहीतच मुळी. कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात, त्या क्रमाने वाटलेले ते बिल्ले आहेत. मशीन रीस्टार्ट केलं की बिल्ला बदलू शकतो. आमच्या येडशी स्टेशनात शिरलेली गाडी लातूरला चाललीय की मिरजेला, हे आपण फलाट बघून ठरवत नाही, डब्यावरची पाटी वाचतो. इथेही तेच करायचं.

आता खरा धोका बघा. पुण्यातल्या नव्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई डिस्क असते. तिचं नाव वेगळ्याच पठडीतलं, त्यामुळे तिथे पहिला पेन ड्राइव्ह लावला की तोच एसडीए होतो. तिथे बसून कोणीतरी टिपण लिहितं, "एसडीए वर लिहा". येडशीतल्या एखाद्या घरात मात्र जुना, साटा डिस्कवाला डेस्कटॉप. तिथे एसडीए म्हणजे बहुधा घरातली एकुलती एक डिस्क! ताईच्या लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, सगळं तिच्यावरच. सुडो लावून कमांड चिकटवली की संपलं. डीडी काही "नक्की ना?" म्हणून विचारत नाही हो.

मग ओळखायचं कसं? सोप्पंय. ड्राइव्ह लावण्याआधी एलएसबीएलके चालवा, लावल्यावर पुन्हा चालवा. जी ओळ नव्याने आली, तो आपला पाहुणा. साइज जुळतेय का बघा (१६ जीबीचा ड्राइव्ह १४.९ दिसतो, कारण इथलं मोजमाप १०२४ च्या पटीत). डीमेसेजमध्ये कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबरही सापडतो. आणि कमांडमध्ये बिल्ल्याऐवजी 'बाय-आयडी' फोल्डरातलं लांबलचक नाव वापरा. ते यूडेव्ह तयार करून ठेवतं, आणि बिल्ला बदलला तरी ते त्याच ड्राइव्हकडे बोट दाखवतं.

अर्थात ही ओळख डिव्हाइस स्वतःच सांगतं, आणि ते खोटंही बोलू शकतं. २०१४ साली कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी 'बॅडयूएसबी' दाखवलं, ज्यात पेन ड्राइव्ह चक्क कीबोर्ड असल्याचं सोंग घेतो. तेव्हा रस्त्यात सापडलेला ड्राइव्ह लावूच नका.

असो. टिपणं लिहिणाऱ्यांना एकच विनंती. एसडीबीच्या जागी "तुमच्या-ड्राइव्हचं-नाव" असं लिहा. कोणी न वाचता तसंच चिकटवलं, तरी त्याच्या घरची डिस्क पुसली जाणार नाही. तुमची दोन मिनिटं जातील, त्याचे दहा वर्षांचे फोटो वाचतील. पटतंय का?