पलीकडची जोड

कुस्त्यांचा हंगाम तोंडावर आला आणि आमच्या भागातल्या एका मैदानाच्या कमिटीनं ठरवलं, यंदा सीमेपलीकडची, कर्नाटकातली पोरं नकोत, वातावरण बरं नाही. १ नोव्हेंबर आला की कोगनोळी नाक्यावर बंदोबस्त लागतो, बेळगावात काळा दिन पाळला जातो. तेवढ्या धास्तीवर निपाणीकडच्या पोरांच्या चार कुस्त्या काढून टाकल्या. मला हे कागलच्या स्टँडवर कळलं, ज्याची जोड गेली त्याच पोराकडून. "काका, आम्ही कोल्हापुरात रोज एकाच हौद्यात लढतोय की. मग इथं काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही, आणि चार दिवस त्याचीच चीड येतेय.

मागं मी आर्मेनियन आणि तुर्की पोरांच्या एकत्र शिबिरांवर लिहिलं होतं, तेव्हा काही वाचकांनी विचारलं होतं की कागलचा त्यांच्याशी काय संबंध. संबंध हा. त्या दोन देशांमधली सीमा १९९३ पासून बंद आहे. २००८ साली तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष फुटबॉलचा सामना बघायला येरेवानला गेले, तर ती जगभर बातमी झाली. १९१५ च्या आर्मेनियन कत्तलीचं ओझं त्या पोरांच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलंय. आपल्या तंट्याची त्याच्याशी बरोबरी मी करणार नाही. पण त्यांना एकमेकांचं तोंड बघायला कुणीतरी शिबिर भरवावं लागतं, पुष्कळदा तिसऱ्याच देशात. आठ-दहा दिवस एकत्र जेवायचं, गाणी शिकायची, रात्री जागून आजीची गोष्ट सांगायची आणि समोरच्याच्या आजीची ऐकायची. मग परत जायचं, आणि मधे बंद सीमा.

आपल्याकडं काय आहे? दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक. कोल्हापूरच्या तालमीत बेळगाव जिल्ह्यातली पोरं वर्षानुवर्षं राहतात. पहाटे उठून सोबत जोर-बैठका मारतात, आळीपाळीनं भाकरी थापतात, एकमेकांचं अंग रगडतात. 'ऊट आतेनु?' (जेवण झालं का?) हे कन्नड आमच्या पोरांना कुणी शिकवलं नाही, एका ताटाशी बसून आलं. याला तिथं कुणी मैत्री म्हणत नाही. जोड म्हणतात. जोड म्हणजे तुला पाडायला बघणारा, आणि तू पडलास तर हात देऊन उठवणारा.

श्रीपती खंचनाळे आठवा. गाव एकसंबा, चिकोडी तालुक्यातलं. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेलं. तीनच वर्षांनी, १९५९ ला, कोल्हापूरच्या तालमीत घडलेला हा गडी दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून हिंदकेसरी झाला. कर्नाटक केसरीची गदाही त्यांचीच. कोल्हापूरनं त्यांना कधी पलीकडचा म्हटलं नाही, आणि २०२० मध्ये त्यांनी देह ठेवला तोही कोल्हापुरातच. हाच नियम तेव्हा लावला असता, तर खंचनाळ्यांचं नावही मैदानाच्या पोस्टरवरून खोडावं लागलं असतं.

फेब्रुवारी २०२५ विसरलो नाही. तिकडं बेळगावजवळ कर्नाटकच्या वाहकाला मारहाण, चित्रदुर्गात आपल्या एसटीच्या चालकाच्या तोंडाला काळं, आणि पुढं दोन्हीकडच्या बस बंद. माझी खात्री आहे की त्या हातांपैकी एकही हात तालमीतला नव्हता. पुरावा मागाल तर माझ्याकडं नाही. पण तीस वर्षं मैदानं बघतोय, आणि एकमेकांच्या अंगाला माती लावलेली पोरं बसवर दगड घेऊन धावताना मी पाहिलेली नाहीत.

सीमाभागातल्या ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा मी सोडलेला नाही. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथं तो लढावा आणि जिंकावा. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना मी वाकून नमस्कार करतो. पण दावा सरकारवर आहे, एकसंब्याच्या पोरावर नाही. आणि हेही पुन्हा सांगतो, ऐकून कंटाळला असाल तरी: कागल, गडहिंग्लजच्या शाळांत ज्याला हवी त्याला कन्नड शिकू द्या. शेजाऱ्याची भाषा येत नसली की त्याचं साधं बोलणंही शिवीसारखं ऐकू येतं.

ज्यांची सीमा बंद आहे ती पोरं दहा दिवसांसाठी विमानानं जातात. आपली उघडी आहे, आणि ती आपल्याच कमिटीनं बंद केली. पोस्टर अजून छापायला गेलेलं नाही. त्या चार कुस्त्या परत लावा.