आजोबांचा फोटो म्हणजे दाखला नव्हे

आमच्या खेड तालुक्यातल्या घरात माजघराच्या भिंतीवर एक फोटो आहे. पांढऱ्या गणवेशातले सतरा नाविक, तीन रांगा. मधल्या रांगेत डावीकडून दुसरे आमचे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल इंडियन नेव्हीत होते, एवढे नक्की. पण अलीकडे हा फोटो भिंतीवरून उतरून सभांना जाऊ लागला आणि तिथे आजोबांना बढती मिळाली. ते फेब्रुवारी १९४६च्या नाविकांच्या उठावात होते, 'तलवार'वर होते, असे आमचेच भाऊबंद माईकवरून सांगतात. पुरावा विचारला की फोटोकडे बोट!

आम्ही तो फोटो भिंग घेऊन पाहिला. टोपीच्या पट्टीवर नुसते 'एच.एम.आय.एस.' आहे. युद्धकाळात शत्रूला माग लागू नये म्हणून पट्टीवर जहाजाचे नाव घालत नसत. म्हणजे फोटो युद्धातला, आणि जहाज कोणते ते त्यातून कधीच कळणार नाही. डाव्या दंडावर एक फीत आहे. ब्रिटिश नौदलाच्या रिवाजात ती तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीची. युद्ध १९४५ला संपले, तेव्हा भरती १९४२च्या अलीकडची नसावी. १९४६बद्दल फोटो एक अक्षर बोलत नाही. (आणि 'तलवार' हे जहाज नव्हतेच; मुंबईत जमिनीवर असलेली संदेशवहनाची शाळा होती ती.)

तो उठाव खऱ्यांचा होता. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ असह्य होऊन १८ फेब्रुवारीला सुरू झाला. संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. पटेल आणि जीना दोघांनीही शरण जायला सांगितले. ज्यांना बडतर्फ केले त्यांना पुढे ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या. त्यांचा मान आपल्या आजोबांच्या नावावर चढवणे ही त्यांच्याशी बेइमानी आहे.

हे आम्ही का करतो, ते आम्हाला ठाऊक आहे. कुणीतरी निष्ठेचा दाखला मागतो आणि आम्ही घाबरून ट्रंका उपसतो. डिसेंबर २०१९मध्येही उपसल्या. पण मागणाऱ्याचे पोट एका दाखल्याने भरत नाही, तो दुसरा मागतो. शेजारच्या वाडीतल्या मराठा सुभेदाराच्या नातवाला कुणी फोटो मागितला आहे काय?

आजोबा पगारासाठी भरती झाले. कातळावरची नाचणी वर्षभर पुरत नव्हती. युद्धापूर्वीच्या त्या नौदलात रत्नागिरीच्या मुसलमानांचा भरणा मोठा होता, त्याचे कारणही पुष्कळसे हेच. यात लपवायचे काय?

आणि आजोबांचे धाकटे भाऊ? ते व्यापारी जहाजावर आगवाले होते; जहाज टॉर्पेडोने बुडाले, ते परतले नाहीत. कोळशाच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्यांचे ग्रुप फोटो कुणी काढत नसे, म्हणून सभेत त्यांचे नावही निघत नाही. अविभाजित हिंदुस्थानच्या अशा सुमारे सहा हजार व्यापारी खलाशांची नावे एका स्मृतिग्रंथात आहेत आणि तो ग्रंथ मुंबईतच, खलाशांच्या सदनात ठेवलेला. माईकवाल्यांपैकी कुणी तिथे गेलेला नाही. आम्हीही नाही.

गेल्या ईदला आम्ही फोटो उतरवून फुफूंपुढे धरला. त्यांनी सतरांतले तिघे ओळखले. एक फुरूसचा, एक दाभोळचा, तिसऱ्याचे नुसते टोपणनाव आठवले. ते आम्ही पाठीमागे पेन्सिलीने लिहिले आहे.