हमालांनी संघटना का केली?

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो,

बाजार समितीत हमालांनी काम बंद केले की आपल्यातच ओरड सुरू होते : युनियनने हमाल माजवले. ज्वारीची पोती दोन दिवस यार्डात पडून राहिली, वर आभाळ भरून आले, तर राग येणारच. तो आम्हालाही येतो. पण काढायचा कोणावर?

हा हमाल कोण? पुष्कळदा आपलाच भाऊबंद. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरच्या कितीतरी नापिकीत ज्यांच्या दोन-चार एकर कोरडवाहूने पोट भरले नाही, ते शहरात जाऊन पाठ वाकवून उभे राहिले. त्यांना संघटना कोणा पुढाऱ्याच्या भाषणाने शिकवली नाही. पोत्याने शिकवली. शंभर किलोचे पोते उचलताना कंबर मोडली तर जबाबदार कोण? व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही, मुकादमाच्या टोळीतला आहे. मुकादम म्हणे, काम तर शेटजींचे होते. दोघांचेही बरोबर, आणि हमाल घरी! एकट्याने दर वाढवून मागितला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा. सगळी टोळी खाली बसली तेव्हा मात्र शेटजी गादीवरून उठून बोलायला आले. एवढेच कारण. एकट्याला काढता येते. सगळ्यांना काढले तर माल हलत नाही.

मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना आणि पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायतीत हमालांना उभे केले ते याच अनुभवावर. अशा लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा आला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला द्यायची. फंड, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी त्यातूनच. 'माझा नोकर नाही' ही पळवाट बुजली. सगळ्या बाजारांत कायदा सारखा पोचला नाही, ही गोष्ट वेगळी. (गिरणी कामगारांची संघटना तर १८८४ सालीच निघाली. ती काढणारे नारायण मेघाजी लोखंडे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातले. रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, तीही मागून मागून.)

माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्या टोळ्याही निघाल्या. त्यांची वकिली आम्ही करणार नाही. पण बांडगूळ आले म्हणून कोणी आंबा तोडत नाही.

आता आपली पट्टी काढून बघा. हमालीचा आकडा आधी ठरलेला असतो, कारण तो ठरवताना हमाल एकजुटीने बसले. ती आपल्या पट्टीतून कापायची, हे काही हमालाने ठरवले नाही. आणि कडता? कापसाला ओल आहे म्हणून उतरवलेला भाव? तो आकडा घेणाऱ्याच्या तोंडात. हमालीच्या दोन रुपयांवर आपण भांडतो आणि क्विंटलमागे शेकड्याने गेलेले निमूट सोसतो, कारण तिथे आपण एकेकटे जातो. शेजाऱ्याला काय भाव मिळाला ते विचारत नाही, आपल्याला मिळाला तो सांगत नाही. टोळीतून फुटलेल्या हमालाची जी गत, तीच आपली.

जिल्हा बैठकीला येताना या हंगामाच्या पट्ट्या सोबत आणा. यार्डातल्या हमालांनाही निरोप द्या. हमाली कोणाच्या खिशातून जावी, ते त्यांच्यासमोर बसूनच बोलू.