रोगाला लाज चिकटवली कुणी?

जालना असो की अंबड, परतूर असो की मंठा. ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ अशा भिंतीवरच्या जाहिराती आपण सारे वाचत आलो आहोत. रोग गुप्त का असावा, हा प्रश्न मात्र आपण कधी विचारला नाही. क्षय गुप्त नाही, कावीळ गुप्त नाही. मग गरमी-परमाच तेवढे गुप्त का? कारण इथे जंतूच्या आधी चारित्र्य तपासले जाते. या लाजेवरच भोंदूंची दुकाने चालतात.

हा विषय चळवळीचा नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी १९३४ साल आठवावे. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत. वाचक लैंगिक शंका विचारत, कर्वे सरळ उत्तरे देत. सनातन्यांना ते सोसले नाही. अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी. वाचकाने शंका विचारली आणि जाणकाराने शास्त्रीय उत्तर दिले, तर त्यात अश्लील काय, असा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयाने तो मानला नाही, कर्व्यांना दंड झाला. पुढे २००७ साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळात लैंगिक शिक्षणाविरुद्ध गदारोळ झाला आणि शाळांतला कार्यक्रम सरकारने थांबवला. तेव्हा आपल्यापैकी किती जण रस्त्यावर उतरले? आम्हीही उतरलो नाही, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या मौनाला एक वेगळे कारण आहे. ज्या समाजाला शतकानुशतके ‘अस्वच्छ’ ठरवून गावाबाहेर ठेवले, तो असा आजार उघड करायला दुप्पट भितो. एका पोराच्या दुखण्यावरून सगळ्या वस्तीचे नाव निघेल, ही धास्ती खोटी नाही. पण तिची किंमत कोण मोजते? परम्याची बाधा बाईला बऱ्याचदा कळतच नाही. उपचार झाले नाहीत तर गर्भनलिका बंद होऊ शकते. मग मूल होत नाही म्हणून तिलाच टाकले जाते. गरमीची जखम सहसा दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरते. पोरगा समजतो, बरा झालो. रोग मात्र अंगात राहतो आणि पुढे बायकोच्या पोटातल्या बाळापर्यंत पोहोचू शकतो. साधी रक्ततपासणी आणि वेळेवर पेनिसिलिनचे इंजेक्शन यांनी हे टळते. जोडीदारालाही औषध द्यावे लागते, ते भिंतीवरचा ‘डॉक्टर’ सांगत नाही.

ज्येष्ठ मंडळी तिसऱ्या शीलाचा दाखला देतात. शील आचरणासाठी आहे, आजाऱ्याला दवाखान्याच्या दारातून परत फिरवण्यासाठी नाही. नवऱ्याने आणलेला रोग भोगणाऱ्या बाईने कोणते शील मोडले? अंगावरून पांढरे गेले की बाईवर संशय घेणे हे तर निव्वळ अडाणीपण. तो साधा बुरशीचा त्रासही असू शकतो.

तरुणांशी बोलताना ‘कुठे गेला होतास?’ हा पहिला प्रश्न नको. ‘त्रास कधीपासून आहे?’ एवढेच विचारावे. जिल्हा रुग्णालयात या आजारांवर मोफत उपचार मिळतात आणि १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता एचआयव्ही व अशा आजारांची माहिती विचारता येते, हे पोरांना आपल्याच तोंडून कळू द्या.

आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात. त्यात नुकती लग्ने झालेली पोरे-पोरी असतात. पुढचे पाच-सहा महिने फड, कोपी आणि दवाखाना लांब. त्याआधी वर्षावासात विहारात माणसे जमतातच. अश्विन पौर्णिमेपूर्वीचा एक रविवार डॉक्टर आणि आशाताईंसाठी राखून ठेवावा. मुलींशी बोलायला बाई डॉक्टर असल्या तर उत्तम.