साखरेची गोळी आणि सरहद्दीवरचा दाखला

केनियात तयार झालेली साखरेची गोळी शेजारच्या टांझानियात विकावयाची असेल, तर तिजवर आयातकर किती? पूर्व आफ्रिकी समुदायाचा करार उघडून पाहणारा मनुष्य तत्काळ उत्तर देईल : शून्य. २०१८ साली टांझानियाच्या जकात अधिकाऱ्यांनी उत्तर दिले : शेकडा २५. दोन्ही उत्तरांना आधार एकाच नियमावलीचा होता. आफ्रिका खंडातील देशादेशांचा व्यापार करार होऊनही का अडतो, हे समजून घ्यावयाचे तर या विसंगतीपासूनच आरंभ करणे सोयीचे, असे आम्हांस वाटते.

केनिया, युगांडा व टांझानिया यांचा जकातसंघ १ जानेवारी २००५ रोजी अमलात आला. बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांनी सारखाच कर बसवावयाचा : कच्च्या मालावर शून्य, अर्धवट तयार मालावर शेकडा १०, पक्क्या मालावर शेकडा २५. २०२२ पासून यात शेकडा ३५ ची चौथी पायरीही आली आहे. संघांतर्गत मालावर कर नाही. केनियाचे कारखाने अधिक बलवान म्हणून त्याच्या काही मालावर इतरांनी पाच वर्षे उतरता कर घ्यावा, अशी तडजोड प्रथम होती. ती २०१० मध्ये संपली.

परंतु ‘कर नाही’ या दोन शब्दांचा अर्थ काय, हे एका साध्या हिशेबाने पाहू. नैरोबीहून टांझानियात माल गेला आणि विमा व वाहतूक धरून त्याची किंमत एक लाख शिलिंग ठरली. तो संघातील माल आहे असा उत्पत्तीचा दाखला सोबत असेल, तर आयातकर शून्य. तरीही टांझानियाचा मूल्यवर्धित कर शेकडा १८ प्रमाणे १८,००० शिलिंग भरावाच लागतो. अनेक नवखे व्यापारी येथेच चकतात; आयातकर माफ झाला म्हणजे सरहद्द फुकट झाली असे ते समजतात. आता दाखला नाही, किंवा आहे पण मानला गेला नाही, असे धरा. शेकडा २५ प्रमाणे २५,००० आयातकर. आणि मूल्यवर्धित कर आता करासह झालेल्या सव्वा लाखावर, म्हणजे २२,५०० शिलिंग. एकूण ४७,५००. एका कागदाची किंमत २९,५०० शिलिंग! मालाचा वर्गक्रमांक कोणता आणि किंमत कोणती, हे प्रश्नही आहेतच. पण खरा झगडा असतो तो या दाखल्यावर.

मिठाईच्या प्रकरणात नेमके हेच घडले. केनियातील कारखानदारांना औद्योगिक साखर सवलतीच्या करात बाहेरून आणता येते. अशा सवलतीने आणलेल्या मालापासून बनविलेली वस्तू संघाबाहेर विकावी. संघातच विकावयाची तर तिजवर बाहेरच्या मालाइतका पूर्ण कर द्यावा, असा संघाचाच नियम आहे. टांझानियाने त्यावर बोट ठेवले. केनियाच्या कारखानदारांना हा आरोप मान्य नव्हता. गोळी केनियाची खरी, पण तिच्यातील साखर कोणत्या पोत्यातली, हे चाखून तर कोणालाच सांगता येणार नाही! तो निर्णय कारखान्यातील वह्या तपासूनच व्हावयास हवा. सरहद्दीवर ट्रक अडवून तो होत नाही.

टांझानियाची शंका केवळ कुरापत होती, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९६७ साली स्थापन झालेला पहिला पूर्व आफ्रिकी समुदाय १९७७ मध्ये मोडला, त्याच्या कारणांत संघाचा लाभ केनियाच अधिक लाटतो ही भावना मोठी होती. त्या वर्षी बंद झालेली केनिया-टांझानिया सरहद्द १९८३ पर्यंत उघडली नाही. ज्याने ही सहा वर्षे पाहिली, त्याने शेजाऱ्याच्या पोत्याकडे संशयाने पाहावे हे समजण्याजोगे आहे. पण संशयालाही मर्यादा हवी. २०१७ साली केनियातून नामांगाच्या नाक्यावर आलेली ६,४०० कोंबडीची पिले टांझानियाच्या अधिकाऱ्यांनी रोगप्रसाराच्या भीतीचे कारण देऊन जाळून टाकली. केनियाही धुतल्या तांदळासारखा नाही : मार्च २०२१ मध्ये त्याने बुरशीच्या विषाचे कारण देऊन युगांडा व टांझानिया यांचा मका एकाएकी बंद केला आणि थोड्याच दिवसांत अटी घालून पुन्हा सुरू केला. आयातकर या दोन्ही प्रसंगी शून्यच होता.

संपूर्ण खंडाचा मुक्त व्यापार करार २०१८ साली किगाली येथे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याखाली व्यापार सुरू झाला, असे जाहीर झाले. एरिट्रियाखेरीज सर्व राष्ट्रांनी त्यावर सही केली आहे. शेकडा ९० वस्तूंवरील कर टप्प्याटप्प्याने जावयाचा आहे. अविकसित देशांना त्यासाठी दहा वर्षे, इतरांना पाच. केनियाचा माल पश्चिमेस घानाकडे जावयाचा असेल, तर या कराराचा दाखला उपयोगी. टांझानियाकडे जाताना पूर्व आफ्रिकी समुदायाचाच नियम चालतो. काँगो तर अशा चार प्रादेशिक संघटनांचा एकाच वेळी सभासद आहे. कोणत्या वाटेवर कोणता कागद, हे ठरविण्यासाठी मोठी पेढी दलाल नेमू शकते.

बुसियासारख्या नाक्यावरून टोपलीभर माल नेणाऱ्या बाईला ते शक्य नाही. तिच्यासाठी समुदायाने दोन हजार अमेरिकी डॉलरपर्यंतच्या मालास सोपा दाखला ठेवला असून तो नाक्यावरच मिळतो. आमच्या मते संघाच्या साऱ्या व्यवस्थेत हे सर्वांत शहाणपणाचे कलम आहे. पण तो दाखला मागावयाचा असतो हे तिला कोणी सांगितले नाही, तर आडवाटेने सरहद्द ओलांडणेच तिला स्वस्त वाटते, आणि माल पकडला गेला तर दाद मागावयास तिच्या हाती एक चिठोराही नसतो.